सैन्यातला मेडिक, बाहेरचा ईएमटी: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून ईएमटीच्या शिक्षणाबद्दल बरेच प्रश्न येतात. ईएमटी म्हणजे ॲम्ब्युलन्सवरून येऊन रुग्णाला पहिला हात लावणारा प्रशिक्षित माणूस. त्याची राष्ट्रीय परीक्षा नॅशनल रजिस्ट्री घेते, पण काम करायचं लायसन्स राज्य देतं. हे दोन वेगळे कागद आहेत. खालच्या काही अडचणी त्यांची गल्लत झाल्यामुळेच उभ्या राहिल्यात.

प्रश्न: माझा मुलगा १८ वर्षांचा आहे. आर्मीत जाऊन त्याला मेडिकलचं काही शिकायचंय. रिक्रूटर म्हणतो, आत्ता मोकळी आहे ती जागा घे, नंतर बदलता येईल. त्याने आधी बाहेरून ईएमटी करावं का?

'नंतर बदलता येईल' या भरवशावर त्याला सही करू देऊ नका. आर्मीत ईएमटीचं शिक्षण ज्या जागेत अंगभूत येतं ती एकच मोठी जागा आहे, कॉम्बॅट मेडिक, म्हणजे रणांगणावर उपचार करणारा सैनिक. त्या जागेच्या कोडवरून सगळे त्याला 'सिक्स्टी-एट व्हिस्की' (68W) म्हणतात. बूट कॅम्पनंतर टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला सुमारे १६ आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. त्यातला पहिला मोठा भाग ईएमटीचा असतो, त्यात रजिस्ट्रीची परीक्षा पास व्हावी लागते आणि मग रणांगणावरचे उपचार शिकवतात. या जागेसाठी एस्व्हॅब या सैन्याच्या प्रवेश परीक्षेत जीटी (जनरल टेक्निकल) या गटात १०७ आणि एसटी (स्किल्ड टेक्निकल) या गटात १०१ गुण लागतात, रंग नीट ओळखता यावे लागतात. गुण कमी पडले तर पुन्हा परीक्षा देता येते, म्हणून घाई करू नका. जागेचं नाव कॉन्ट्रॅक्टवर छापलेलं दिसलं की मगच सही.

एअर फोर्समध्ये 'एरोस्पेस मेडिकल सर्व्हिस' हीच वाट देते, तिथेही रजिस्ट्री लागते. मुलाच्या मनात मरीन कोअर असेल तर त्यांच्याकडे स्वतःचे मेडिक नसतात, त्यांच्यासोबत नेव्हीचे कोअरमन जातात. म्हणजे त्याला नेव्हीत जावं लागेल.

आधी बाहेरून करण्याबद्दल विचाराल तर मी हो म्हणेन. कम्युनिटी कॉलेजात साधारण १५० ते १९० तासांचा कोर्स असतो, एका सेमिस्टरमध्ये होतो. आधीच कौशल्य घेऊन येणाऱ्यांना वरच्या ग्रेडवर सुरुवात देण्याची योजना आर्मीत आहे, ती लागू होत असेल तर तेही लेखी घ्या. पण मला यातला मोठा फायदा वेगळाच वाटतो. रक्त, उलटी, रडणारे नातेवाईक हे आपल्याला झेपतं की नाही, हे चार वर्षांची सही करण्याआधी त्याला कळेल.

प्रश्न: ताई, मी इन्फंट्रीत आहे. सीएलएस केलंय. त्यावर ईएमटीची परीक्षा देता येईल का? नसेल तर ड्युटीवर असताना कोर्स करायला पैसे कोण देतं?

नाही रे, देता येणार नाही. सीएलएस, म्हणजे कॉम्बॅट लाइफसेव्हर, हा ४० तासांचा कोर्स आहे आणि तो मेडिक येईपर्यंत सोबत्याला जिवंत ठेवण्यासाठी आहे. त्या कामाची किंमत मी कमी करत नाही. इराक-अफगाणिस्तानातल्या २००१ ते २०११ या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्पितळात पोहोचण्याआधी गेलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा वाचण्याजोगा होता आणि त्यातले नव्वद टक्के रक्तस्रावाने गेले होते. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, वेळेत आवळणारा सैनिक शेजारी असणं किती मोलाचं आहे, ते यातून दिसतं. पण रजिस्ट्रीला राज्यमान्य ईएमटी कोर्सच लागतो, तोही गेल्या दोन वर्षांत पूर्ण केलेला.

पैशाचे दोन रस्ते आहेत. कोर्स कॉलेजच्या क्रेडिटचा असेल तर ट्यूशन असिस्टन्स, सेमिस्टरच्या एका क्रेडिटमागे २५० डॉलरपर्यंत. नुसता सर्टिफिकेटचा कोर्स असेल तर आर्मीची क्रेडेन्शियलिंग असिस्टन्स, त्यात परीक्षेची फीही बसू शकते. या दुसऱ्या योजनेची वार्षिक मर्यादा आर्मीने खाली आणली आहे, त्यामुळे जुन्या सोबत्याने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नकोस, एज्युकेशन सेंटरमध्ये विचार. दोन्हींना मंजुरी कोर्स सुरू होण्याआधी लागते. आधी फी भरून नंतर परत मागायला गेलेली मुलं हात हलवत परततात.

खरी अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. संध्याकाळचे वर्ग निभावतात, पण मधेच फील्ड एक्सरसाइज आली की प्रॅक्टिकल बुडतं, आणि ॲम्ब्युलन्सवरचे ठरलेले तास भरल्याशिवाय कॉलेज पास करत नाही. युनिटचं ट्रेनिंग कॅलेंडर हातात घेऊन प्लॅटून सार्जंटशी आधी बोल, मग सेमिस्टर निवड.

प्रश्न: सहा वर्षं मेडिक होतो, दोन डिप्लॉयमेंट झाल्या. सर्व्हिस सोडून तीन वर्षं झाली. ॲम्ब्युलन्स कंपनीत गेलो तर म्हणाले, रजिस्ट्री लॅप्स आहे, पुन्हा कोर्स कर. जे काम मी गोळीबारात केलं ते मला आता कॉलेजात शिकवणार?

तुमचा राग रास्त आहे. पण त्या कंपनीच्या हातात यात काहीच नव्हतं.

रजिस्ट्रीचं सर्टिफिकेट दोन वर्षांचं असतं, ३१ मार्चला संपतं. रिन्यू करायला ईएमटीला ४० तासांचं शिक्षण लागतं, २० राष्ट्रीय विषयांचं, १० स्थानिक, १० आपल्या आवडीचं. वर्दीत असताना युनिट हे तास भरून घेतं, कारण त्याशिवाय तुमची जागा टिकत नाही. बाहेर पडल्यावर आठवण करून देणारं कोणी उरत नाही, आणि नेमकं त्याच वर्षी घर बदलणं, नोकरी शोधणं, सगळं एकदम येतं. लॅप्स होऊन, म्हणजे मुदत संपून, दोन वर्षांच्या आत असाल तर शिक्षणाचे तास भरून आणि लेखी परीक्षा देऊन परत येता येतं. त्यापुढे गेलात आणि कुठल्या राज्याचं चालू लायसन्सही नसेल, तर पूर्ण कोर्स.

म्हणून पहिलं काम, लॅप्सची नेमकी तारीख रजिस्ट्रीच्या अकाउंटवर बघा. सर्व्हिस सोडून तीन वर्षं झाली म्हणजे सर्टिफिकेट संपूनही तीन झाली असतील असं नाही. कदाचित तुम्ही अजून मुदतीत असाल. मुदत गेली असेल तर पोस्ट-९/११ जीआय बिल, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणारी योजना, मान्यताप्राप्त कोर्सला लागू होतं आणि परीक्षेची फी वेगळी परत मिळते, एका परीक्षेला २,००० डॉलरपर्यंत. ईएमटीची फी त्यात सहज बसते. जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सैन्यातल्या प्रशिक्षणाची अधिकृत नोंद, कॉलेजला द्या, काही कॉलेजं त्यावर क्रेडिट देतात.

शिवाय व्हीए या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याच्या इस्पितळांत 'इंटरमीडिएट केअर टेक्निशियन' नावाच्या जागा निघतात. त्या खास माजी मेडिक आणि कोअरमन यांच्यासाठीच आहेत, बऱ्याचदा इमर्जन्सी विभागात. तुमचा अनुभव जसा आहे तसा मोजणारी इतकी सरळ जागा मला दुसरी माहीत नाही. ॲम्ब्युलन्सचा हट्ट नसेल तर आजच जाहिराती बघा.

जे अजून वर्दीत आहेत त्यांनी हे उत्तर दोनदा वाचावं. सोडण्याआधी एकदा रिन्यू करा. ॲम्ब्युलन्सवर काम नसेल तर रजिस्ट्रीत 'इनॲक्टिव्ह' म्हणूनही सर्टिफिकेट जिवंत ठेवता येतं, तास मात्र भरावे लागतात. डिप्लॉयमेंटमुळे मुदत हुकणार असेल तर रजिस्ट्रीला आधी कळवा, सैनिकांना मुदतवाढ देण्याची सोय आहे.

प्रश्न: मी नेव्हीत कोअरमन होते. बाहेर येऊन ईएमटी कोर्स केला, परीक्षेत दोनदा नापास. वर्गात सगळ्यांत जास्त अनुभव माझा आणि नापासही मीच. कुठे चुकतंय?

तुमचा अनुभव तरुण, धडधाकट, जखमी माणसांचा आहे. परीक्षा आणि बाहेरची ॲम्ब्युलन्स दोन्ही म्हाताऱ्या, आजारी माणसांनी भरलेल्या असतात. माजी मेडिक जिथे अडखळतात ती जागा बहुतेक वेळा हीच असते.

एक उदाहरण घ्या. ७२ वर्षांच्या बाई, दोन दिवस दम लागतोय, आज जास्त. तुमचे हात आपोआप छातीवर जखम शोधतात, मग तुम्ही त्यांना आडवं करायला जाता. थांबा. आडवं केलं तर त्यांचा जीव आणखी गुदमरेल. बसतं ठेवा, ऑक्सिजन द्या आणि विचारा: रात्री किती उशा घेऊन झोपता? पायाला सूज कधीपासून? लघवीची गोळी बंद केली का? पलंगाशेजारच्या औषधांच्या बाटल्या उचलून बघा, तारखा वाचा. गोळ्या संपून आठवडा झालेला असतो, घोटा दाबला की बोटाचा खड्डा तसाच राहतो. हे हृदय थकून फुप्फुसात पाणी साचणं आहे, आणि ते ओळखायला लागतात ते प्रश्न तुमच्या जुन्या कामात कधी विचारावे लागले नव्हते.

तसंच हार्ट ॲटॅकचं. मधुमेही बाईच्या छातीत दुखेलच असं नाही, मळमळ आणि थकवा एवढंच सांगेल. ॲस्पिरिनआधी ॲलर्जी आणि रक्तस्राव विचारायचा. रुग्णाच्या स्वतःच्या नायट्रोग्लिसरीनला मदत करण्याआधी रक्तदाब बघायचा आणि व्हायग्रासारखी गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली का, हे न लाजता विचारायचं. लहान मुलं, बाळंतपण, साखर उतरणं, पक्षाघात, हेही विषय परत पहिल्यापासून वाचा.

दुसरी गाठ क्रमाची आहे. रणांगणावर 'मार्च' (MARCH) या आद्याक्षरांनी लक्षात ठेवायचा उपचारांचा क्रम हाडांत भिनतो, मोठा रक्तस्राव आधी, मग श्वासमार्ग. बाहेर त्याच्याही आधी एक पायरी आहे, जागा सुरक्षित आहे का. घरात हत्यारबंद माणूस असेल तर पोलीस येईपर्यंत ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावर थांबते. तुम्हाला ते भ्याडपणाचं वाटेल, पण परीक्षेत बरोबर उत्तर तेच आहे, आणि रस्त्यावरही तेच बरोबर आहे. २०२५ पासून परीक्षेच्या नव्या रचनेत सर्वांत मोठा वाटा प्राथमिक तपासणीचा आहे, तेव्हा हा क्रम पक्का करा.

संगणकावर ७० ते १२० प्रश्न येतात, वेळ दोन तास. तुमची पातळी नक्की झाली की संगणक स्वतः थांबतो, त्यामुळे ७० वर बंद झाला म्हणून घाबरू नका. तिसरी संधी तुमच्या हातात आहे. तीही गेली तर ठरलेलं उजळणी शिक्षण घेऊन आणखी तीन संधी मिळतात. पण अभ्यासाची पद्धत न बदलता तिसऱ्यांदा बसू नका.

प्रश्न: नवरा आर्मीत. मी टेक्सासमध्ये ईएमटी आहे, आता दुसऱ्या राज्यात बदली. लायसन्स परत पहिल्यापासून काढायचं?

बहुतेक नाही. नवं राज्य ईएमएस कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांची लायसन्सं मानणाऱ्या राज्यांच्या करारात, आहे का ते बघा. टेक्सास आहे, व्हर्जिनिया, कोलोरॅडो आहेत. सैनिक, माजी सैनिक आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडे चालू रजिस्ट्री असेल तर सदस्य राज्यांनी शिक्षण आणि परीक्षा पूर्ण झाली असं धरावं, असं कॉम्पॅक्टमध्येच लिहिलंय. अर्ज, बोटांचे ठसे, पार्श्वभूमी तपासणी हे मात्र करावं लागेल. राज्य कॉम्पॅक्टबाहेरचं असेल तरी जानेवारी २०२३ पासून केंद्रीय कायदा तुमच्या बाजूने आहे. बदलीच्या ऑर्डरमुळे राज्य बदललं आणि तुमचं लायसन्स चालू असून त्यावर काही ठपका नसेल, तर ते ग्राह्य धरायचं आहे. ऑर्डरची प्रत जपून ठेवा. आणि रजिस्ट्री कधीही सोडू नका.

मैत्रिणींपैकी कुणाला नव्याने ईएमटी करायचं असेल तर मायसीएए (MyCAA) योजनेतून ज्युनियर हुद्द्यांवरच्या सैनिकांच्या जोडीदारांना ४,००० डॉलरपर्यंत मदत मिळते.

प्रश्न: माझा नवरा मेडिक होता. झोप नीट नाही, अचानक आवाज झाला की दचकतो. तरी ॲम्ब्युलन्सवर जायचं म्हणतो. मी अडवू का?

तुम्ही अडवून तो थांबेल असं वाटत नाही, आणि हे काम त्याच्यासाठी वाईटच ठरेल असंही मी म्हणणार नाही. काहींना या कामात आपली जुनी ओळख परत सापडते. पण आत्ता झोप नसताना रात्रपाळी घेणं मला पटत नाही. आधी व्हेट सेंटरला, म्हणजे माजी सैनिकांच्या समुपदेशन केंद्रात, न्या. युद्धभूमीवर गेलेल्यांना आणि घरच्यांनाही तिथे मोफत समुपदेशन मिळतं. सोबत एखाद्या ॲम्ब्युलन्स कंपनीकडे राइड-अलाँग मागा, म्हणजे एक पूर्ण पाळी नुसतं बसून बघणं. घरी आल्यावर दोघं मोकळेपणाने बोला. एखादी रात्र फारच जड गेली, जीव देण्याचं काही बोलला, तर ९८८ लावून १ दाबा. ती लाइन माजी सैनिकांसाठीच आहे, तुम्हीही फोन करू शकता.

प्रश्न: आठ महिन्यांत सर्व्हिस संपतेय. मेडिक आहे, रजिस्ट्री चालू आहे. ईएमटी म्हणून लागू की थेट पॅरामेडिक?

पॅरामेडिक, म्हणजे ईएमटीच्या वरची पायरी. मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीत ईएमटीची मध्यम वार्षिक कमाई ३८,९३० डॉलर होती, पॅरामेडिकची ५३,१८०. घर चालवायचं असेल तर फरक लहान नाही. शिक्षण मात्र हजार तासांच्या वर जातं आणि कोर्स सीएएएचईपी या आरोग्य शिक्षणाच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या मान्यतेचा किंवा मान्यतेच्या प्रक्रियेतला नसेल तर रजिस्ट्री परीक्षेला बसू देत नाही. फी भरण्याआधी मान्यता स्वतः तपासा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

आठ महिने आहेत तर स्किलब्रिजचा अर्ज आत्ता टाका. शेवटच्या १८० दिवसांत पगार चालू ठेवून बाहेरच्या संस्थेत काम शिकता येतं. सर्व्हिस आणि हुद्द्यानुसार ही मुदत कमी असू शकते आणि कमांडरची सही लागते. ती मागायला उशीर करू नका, मिळायला वेळ लागतो. फायर डिपार्टमेंटच्या भरतीची तारीखही याच आठवड्यात बघून ठेवा, काही ठिकाणी माजी सैनिकांना जादा गुण मिळतात, पण अर्जाची खिडकी वर्षातून एखाद्याच वेळी उघडते.