आधी चित्र, मग नियम

रोलप्लेइंग खेळात प्रत्येकजण एकेक पात्र होऊन सगळ्यांसोबत गोष्ट रंगवतो. अशा खेळाच्या टेबलाशी नवखी माणसं येतात ती चित्र बघून, नियम वाचून नव्हे. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आल्यापासून ड्रॅगन आणि तलवारी हीच या खेळांची ओळख झाली. ज्यांना त्यात रस नाही, ते लांबूनच परत जातात. म्हणून आमंत्रणासाठी तीन वेगळी चित्रं घ्या: अंतराळयान, झपाटलेला वाडा, गुप्तहेराची खोली. नजर जिथे रेंगाळते, तोच खेळ आधी खेळवा.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- चित्र भयकथेचं आणि खेळ विनोदी. हे मुळीच करू नका. फसवल्यासारखं वाटलं की माणूस पुन्हा येत नाही.
- प्रत्येक चित्रात शस्त्रधारी पुरुषच.
- टेबलावर नकाशे आणि पात्रांच्या छोट्या बाहुल्यांची गर्दी. एक चित्र, पात्राची माहिती लिहिलेला कागद आणि फासे पुरेत.

बाहुल्या रंगवण्याचं नंतर बघू. पहिला खेळ झाला की नक्की कळवा!