सीएनए कोर्स कुठे करावा: आधी क्लिनिकलचं विचारा

ताई, एच-४ चं ईएडी (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचं वर्क परमिट) हातात आलंय आणि न्यू जर्सीत एडिसनमधला घराजवळचा खासगी क्लास सीएनएसाठी (सर्टिफाइड नर्स एड, म्हणजे रुग्णांची रोजची देखभाल करणारी मदतनीस) चौदाशे डॉलर मागतोय, भरू का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात भरू नका.

आधी आसपासच्या नर्सिंग होमना (इथे म्हणजे वृद्ध-आजारी लोकांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्था) फोन लावा. काही जण कोर्स स्वतःच चालवतात. कोर्स सुरू होतानाच मेडिकेअर-मेडिकेडवाल्या (म्हणजे या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या) नर्सिंग होमचं ऑफर लेटर हातात असेल, तर कोर्सचे किंवा पुस्तकांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत, असा फेडरल नियमच आहे. खिशातून भरून शिकलात आणि १२ महिन्यांत अशा ठिकाणी लागलात, तरी खर्च परत मिळायची तरतूद आहे. क्लासवाले हे आपणहून कशाला सांगतील!

पैसे भरूनच शिकायचं तर काउंटीचं व्होकेशनल स्कूल किंवा कम्युनिटी कॉलेज बघा. राज्याच्या आरोग्य खात्याची मान्यता तर हवीच. पण खरा प्रश्न वेगळा: क्लिनिकल, म्हणजे नर्सिंग होममधला प्रत्यक्ष सराव, कुठे आणि कोणत्या तारखांना? न्यू जर्सीत कोर्स ९० तासांचा, त्यातले ५० वर्गात, ४० प्रत्यक्ष. मी पहिल्यांदा जिथे पैसे भरले, तिथे थिअरी तीन आठवड्यांत उरकली आणि मग ‘पुढच्या सोमवारी नक्की’ करत दोन महिने गेले. त्यांचा नर्सिंग होमशी करारच संपला होता. म्हणून तारखा लेखी मागा.

त्या ४० तासांवर एवढा जोर का देतेय? वर्गात पुतळ्याला शर्ट घालणं सोपं असतं. क्लिनिकलच्या पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला अर्धांगवायू झालेल्या एक आजी आल्या. मी सवयीने धडधाकट हात आधी बाहीत घातला. मग लुळा हात काही केल्या जाईना आणि आजी कळवळल्या. घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी, हे मी दहादा वाचलं होतं! सीएनएच्या परीक्षेत नेमकं हेच आलं, तेव्हा मात्र हात आपोआप चालले. (बेड खाली घ्यायला विसरता विसरता राहिले, ते सोडा.)

‘लवकर होतं’ म्हणून कुणी ७६ तासांचा होम हेल्थ एडचा कोर्स पुढे केला, तर तो वेगळा. तो आरोग्य खात्याकडे नाही, राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे येतो आणि काम लोकांच्या घरी जाऊन करायचं असतं.

आणि मध्येच भारतात लांबलचक मुक्कामाचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा: सलग २४ महिने पगारी काम झालं नाही, तर पुन्हा परीक्षेला बसावं लागतं.