सही कुणी करायची?

“मॅडम, मी अवयवदानाचा फॉर्म भरलाय. पण घरी विषय काढला की सगळे अंगावर येतात. त्यांना कसं पटवू?”

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की समोरचा ‘फॉर्म’ म्हणाला की पुढचं मला ठाऊक असतं. कुणाची आई ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणते. कुणाचा नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो. कुणाची मोठी झालेली मुलं बापाला एकटं गाठून विचारतात, “बाबा, रिपोर्टमध्ये काही निघालंय का?” मी समुपदेशक. बहुतेक जण माझ्याकडे येतात भलत्याच तक्रारीसाठी, आणि हे विचारतात ते तास संपल्यावर, चपला घालता घालता. चपला घालताना निघालेला विषय मी कधी दारात सोडत नाही. पुन्हा बसायला लावते.

हा गृहस्थ मात्र खास याच कामासाठी वेळ घेऊन आला होता. बत्तिशी-तेहतिशीचा, नीटनेटका, काखेत फाइल. (ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे.) त्याच्या ऑफिसातल्या एकाला बराच काळ डायलिसिसवर काढल्यानंतर मूत्रपिंड मिळालं होतं. तो माणूस कामावर परत आला, त्याच दिवशी याने फॉर्म भरला आणि रात्री जेवताना घरी जाहीर केलं. आई ताटावरून उठली. वडील म्हणाले, “या घरात हा विषय पुन्हा नको.” बायको काहीच बोलली नाही. तेव्हापासून आई त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

“फाइलमध्ये काय आहे?”

“माहिती. एक माणूस आठ जणांना वाचवू शकतो. हृदय, दोन फुप्फुसं, यकृत, दोन मूत्रपिंडं, स्वादुपिंड, आतडं. हृदय शरीराबाहेर चार-सहा तासच टिकतं, मूत्रपिंड साधारण एक दिवस...”

“हे सगळं जेवताना सांगितलंत?”

“बरंचसं.”

“आई नेमकी कुठल्या वाक्याला उठली?”

तो थांबला. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. “‘ब्रेन डेड झाल्यावर’ म्हटलं तेव्हा.”

“कोण ब्रेन डेड झाल्यावर?”

“मी.” मग जरा वेळाने, स्वतःशीच, “अरे बापरे.”

या टप्प्यावर अनेकदा मुलाला ‘चांगलं कसं बोलावं’ ते शिकवलं जातं. मी तसं करत नाही. खुर्चीत एकच माणूस बसलेला असला तरी मी ऐकते ते सगळं घर. बावीस वर्षांत एवढं नक्की कळलंय, की घरात कुणी गप्प बसलं असेल तर त्या गप्प बसण्यावर काहीतरी टेकलेलं असतं. ते न बघता गप्पपणा हलवायला गेलात तर अंगावर पडतं. मी त्याला फाइल घरी ठेवायला सांगितली आणि पुढच्या वेळी आईला घेऊन यायला.

“ती नाही यायची.”

“तिला सांगा, मॅडमना तुमची तक्रार ऐकायचीय.”

आल्या. खुर्चीच्या टोकाला बसल्या, पर्स मांडीवर. “मला काही झालेलं नाही. बोलायचं तर त्याच्याशी बोला.”

“बोलले. आता तुमचं ऐकायचंय.”

पहिला तास त्यांनी प्रश्न विचारण्यात घालवला, आणि ते सगळे रास्त होते. याला काही आजार आहे का, जो हा लपवतोय? नाही. हृदय चालू असताना माणूस गेला असं कसं म्हणतात? याचं उत्तर मी सावकाश दिलं, कारण निम्म्या घरांचं गाडं इथेच अडतं. मेंदूचं खोड, म्हणजे श्वास चालवणारा त्याचा तळचा भाग, निकामी झालं की माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, आणि हृदयाला ठोके देणारी यंत्रणा त्याच्या स्वतःत असल्यामुळे ते काही काळ चालत राहतं. छाती हलताना दिसते, हात गरम लागतो. ही कोमा नव्हे. कोमातला माणूस जिवंत असतो, त्याच्या मेंदूचं काम कमी-जास्त चालू असतं. मेंदूमृत माणसाच्या बुबुळावर उजेड टाकला तरी ते आकसत नाही, घशात नळी हलवली तरी ठसका लागत नाही, व्हेंटिलेटर बाजूला केला तर श्वास येत नाही. तपासणारे डॉक्टर प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी नसतात, आणि पुष्कळ ठिकाणी ही सगळी तपासणी काही तासांनी पुन्हा केली जाते.

“म्हणजे अवयवांसाठी घाई करत नाहीत?”

“जीव वाचवण्याचे उपाय संपल्यावरच हा प्रश्न निघतो. आणि फार थोड्या मृत्यूंमध्ये निघतो. बहुतेकांचा मृत्यू अशा तऱ्हेने येतच नाही.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. (मलाही असं वाटतं कधी कधी.) पण पर्स अजून मांडीवरच होती, दोन्ही हातांनी धरलेली. मी काही बोलले नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. मुलगा काही बोलायला गेला, मी नजरेनेच त्याला थांबवलं.

मग त्या म्हणाल्या, “त्या कागदावर त्याने सही केलीय. ती चालते का?”

“त्याची इच्छा कळते त्यावरून. पण त्या वेळी घरच्यांना विचारतात.”

“म्हणजे सही मी करायची.”

“तुम्ही, किंवा त्यांची बायको.”

“म्हणजे डॉक्टर मला विचारणार, आणि मी ‘हो’ म्हटल्यावर ते...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. “आणि मी जन्मभर काय म्हणू? माझ्या सहीने गेला?”

मुलगा आईकडे बघतच राहिला. इतके आठवडे तो तिला दान पटवत होता. दानाला तिचा विरोध नव्हताच. मुलाच्या मरणाखाली आपली सही असेल, एवढंच तिला त्या रात्री ताटावर दिसलं होतं.

मी इथे जे म्हटलं ते त्या क्षणी सुचलं, आणि तेव्हापासून कित्येक घरांत वापरलंय. “ताई, तुम्हाला निर्णय घ्यायचाच नाहीये. निर्णय त्यांनी घेतलाय. तुम्ही फक्त निरोप पोचवायचा. त्या दिवशी ते बोलू शकणार नाहीत, म्हणून आज ते तुमच्याजवळ निरोप ठेवतायत.”

पर्स खाली ठेवली गेली.

जगात पहिलं मानवी हृदयाचं प्रत्यारोपण झालं ३ डिसेंबर १९६७ ला, केप टाउनमध्ये. शल्यविशारद ख्रिस्तियान बर्नार्ड यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. मला आठवतो तो एडवर्ड डार्व्हल. त्याची पंचवीस वर्षांची मुलगी डेनिस आणि बायको रस्ता ओलांडत असताना गाडीने उडवली. बायको जागीच गेली. मुलीचं हृदय द्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने काही मिनिटांत ‘हो’ म्हटलं. मुलगी कशी होती, दुसऱ्यांना काय काय द्यायची, हे आठवून त्याने ठरवलं असं सांगतात. तिने आधी काही सांगून ठेवलं असण्याचा प्रश्नच नव्हता. अशी शस्त्रक्रिया त्याआधी कुठे झालीच नव्हती. आज आपल्यापाशी ती सबब नाही. तरी आपण आपल्या माणसांना तसंच त्या दारात उभं करतो, स्वभावावरून अंदाज बांधायला.

कायद्याने हे सुटेल असं कुणी म्हणालं तर मी स्पेनचं उदाहरण देते. तिथे १९७९ च्या कायद्याप्रमाणे, माणसाने नकार नोंदवला नसेल तर त्याची संमती गृहीत धरतात. तरीही प्रत्यक्षात घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि ते कसं विचारायचं याचं खास शिक्षण घेतलेली माणसं इस्पितळांत नेमलेली असतात. भारतातही १९९४ चा कायदा आहे, पण खिशात अवयवदानाचं कार्ड असलं तरी जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली जाते. कार्ड घरात कुणाला माहीतच नसेल तर उपयोग काय?

त्या दिवशी मी तिथेच थांबवू शकले असते. आई शांत झाली होती, मुलगा खूश होता. पण एक गोष्ट मला खटकत होती. इतक्या दिवसांत त्या घरात सगळं बोलणं मुलाच्या शरीराविषयी झालं होतं. मी विचारलं, “आणि ताई, तुमचा निरोप काय?”

“माझा?” त्या हसल्या. असा प्रश्न आपल्याला विचारतात हेच त्यांना नवीन होतं. मग बराच विचार करून म्हणाल्या, “बाकी काय घ्यायचं ते घ्या. डोळे नको.”

“अगं आई,” मुलगा ताडकन पुढे सरकला, “डोळे तर सगळ्यात सोपे! मेंदूमृत असायचीही गरज नाही, घरी गेलेल्या माणसाचेही काही तासांच्या आत घेता येतात, चेहरा अजिबात बिघडत नाही...”

मी हात वर केला. “त्यांनी माहिती विचारलेली नाही.”

“पण हा गैरसमज आहे ना त्यांचा!”

“असेल. गैरसमज त्यांनी विचारल्यावर दूर करू. आत्ता त्यांनी एक निरोप दिलाय. तो तुम्ही घेतलात का?”

तो लाल झाला. आई त्याच्याकडे बघत होती, वेगळ्याच नजरेने; परीक्षाच घेत होती म्हणा ना. आणि मग तिने विचारलं, “मी डोळे नको म्हटलं. तू पाळशील?”

तो लगेच ‘हो’ म्हणाला असता तर मला ते खोटं वाटलं असतं. त्याला वेळ लागला. माझ्या तासातली ती दोन-तीन मिनिटं मी कुणाला द्यायला तयार नाही. माहितीची अख्खी फाइल त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसत होती. शेवटी म्हणाला, “पाळीन.”

“मग तुझंही मी सांगेन,” आई म्हणाली.

त्या खोलीत कुणीही कुणाला पटवलं नव्हतं. मला तेव्हा लख्ख कळलं ते हे, की ज्या घरात ‘नाही’ म्हणायची सोय नसते तिथे ‘हो’लाही वजन नसतं. तुम्ही विषय काढता तेव्हा समोरच्याला ऐकू येतं, की हा मला वळवायला आलाय. म्हणून तो कान मिटतो. तुमचा नकार मी तुमच्या वतीने तितक्याच इमानाने सांगेन, हे एकदा दाखवा, मग बघा. आमच्या शास्त्रात याला मोठाले शब्द आहेत. मला ‘पाळशील?’ पुरतो.

म्हणून मला जे विचारतात, की घरी कसं सांगू, त्यांना मी आधी म्हणते, सांगू नका, विचारा. “माझ्यावर वेळ आली आणि तुला विचारलं, तर तुला काय काय अवघड जाईल?” इथून सुरुवात करा. समोरासमोर बसून, सगळ्यांना बोलावून तर मुळीच नको. त्याला सभेचं रूप येतं. गाडी चालवताना, कपड्यांच्या घड्या घालताना, फिरायला गेल्यावर, जिथे दोघांची नजर भलतीकडे असते तिथे अवघड शब्द सुटतात. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर थांबा. कुणी आजारी असेल तर त्याच्या उशाशी हा विषय नको. आणि पहिल्यांदा दोन मिनिटांत संपला तर संपू द्या. मी तर म्हणते संपवाच. हा विषय घरात पुन्हा आला तरी कुणी ताटावरून उठत नाही, एवढं झालं की पुष्कळ झालं.

निरोप मात्र स्पष्ट हवा. ‘माझं काय ते द्या’ याने त्या दिवशी कुणाचं भागत नाही. काय द्यायचं, काय नाही, हे बोला, आणि एकाहून अधिक माणसांना सांगा, कारण ज्याला सांगितलं तोच नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो. वय झालंय, मधुमेह आहे, आता माझं कोण घेणार, असं म्हणून सोडून देऊ नका. काय उपयोगी आहे ते डॉक्टर त्या वेळी बघतात, ते आपलं काम नाही. आणि मत बदललं तर तेही सांगा. माझ्या नवऱ्याने दोनदा बदललंय. मी दोन्ही वेळा ‘बरं’ म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना मला जड गेलं हेही कबूल करते.

वडील कधीच आले नाहीत. तिसऱ्या वेळी आई आणि सून दोघी आल्या, मुलगा मागून. सुनेला मी तोवर विसरलेच होते, हे लिहायला लाज वाटते. खरं तर लग्न झालेल्या माणसाच्या बाबतीत बहुधा आधी तिलाच विचारतील. ती पहिल्यांदा बोलली ती नवऱ्याकडे बघून. “तू सगळ्यांच्या देखत जाहीर केलंस. मला आधी सांगितलं नाहीस.”

“तू हो म्हणणार हे मला माहीत होतं.”

“म्हणून विचारलं नाहीस?”

याला उत्तर नव्हतं. मीही द्यायला गेले नाही.

“मी सही करीन,” ती म्हणाली. “पण माझी एक अट आहे. त्याला घेऊन जायच्या आधी मला त्याच्याजवळ एकटीला बसायचंय. तासभर. कुणी आत यायचं नाही, कुणी घाई करायची नाही.”

त्याने माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि लिहून घेतलं. लिहिताना त्याचा हात स्थिर नव्हता. “तासभर,” तो म्हणाला. “बरं.”

सासूबाई इतका वेळ खिडकीकडे बघत होत्या. वळून सुनेला म्हणाल्या, “अर्धा तास तुझा. अर्धा मला दे.”