रिस्पेरिडोनचा डोस पुरतो की नाही, हे मेंदूच्या स्कॅनवरून कळेल का?

तुमचा प्रश्न असा: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम चालू आहे, कानात भासणारे आवाज कमी झालेत पण थांबलेले नाहीत. गोळी मेंदूत किती लागू होते हे बघायला त्याला सांगलीहून पुण्याला नेऊन पेट (PET) स्कॅन करावा, की सरळ डोस वाढवून मागावा?

स्कॅनवर पैसे घालवू नका. कॅन्सरसाठी नेहमी होतो तो पेट स्कॅन पेशी साखर किती ओढतात ते दाखवतो, रिस्पेरिडोन अडवतं ते डोपामाइनचे रिसेप्टर (मेंदूतलं हे संदेशवाहक रसायन पेशींवर जिथे चिकटतं त्या जागा) त्यात दिसतच नाहीत. त्यासाठी सहसा किरणोत्सारी कार्बन-११ जोडलेलं रॅक्लोप्राइड, म्हणजे याच रिसेप्टरना चिकटणारं द्रव्य, लागतं. हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो. पुण्याहून सांगलीपर्यंत गाडीने चार तास धरले, तर पोचेस्तोवर त्याचा चार हजारावा भागही उरत नाही. हा कार्बन बनवणारं यंत्र, म्हणजे सायक्लोट्रॉन, त्याच आवारात हवं, म्हणून हे काम मुख्यतः संशोधनापुरतंच होतं.

रॅक्लोप्राइड शिरेतून देतात आणि पेशंटला तासभर डोकं न हलवता झोपवतात. गोळीने डी-२ (डोपामाइनच्या रिसेप्टरचा एक प्रकार) रिसेप्टर आधीच अडवले असतील, तर स्ट्रायटममध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या ज्या भागात ते दाट असतात तिथे, रॅक्लोप्राइड कमी चिकटतं. लहान मेंदूत हे रिसेप्टर जवळजवळ नसतात, म्हणून तुलनेला तिथला आकडा घेतात. समजा गोळीविना बंधन ३ होतं आणि गोळीवर १ आलं, तर ६७ टक्के रिसेप्टर व्यापले. पण भावाचा गोळीविना आकडा आणायचा कुठून? त्यासाठी औषध थांबवणं म्हणजे आजार उलटवून घेणं. त्याच वयाच्या निरोगी लोकांची सरासरी धरता येते, पण माणसामाणसात फरक इतका असतो की एकट्या पेशंटसाठी त्या हिशेबावर डोस ठरवता येत नाही.

तुमच्या कामाचं ते या संशोधनातून आधीच हाती आलंय. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये लार्स फार्डे यांनी १९८०च्या दशकात ही मोजणी सुरू केली. टोरांटोत शितिज कपूर यांच्या गटाने २००० साली पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ जणांना हॅलोपेरिडोल हे याच आजारावरचं जुनं औषध १ किंवा २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं. साधारण ६५ टक्के रिसेप्टर व्यापल्यावर गुण येण्याची शक्यता वाढली, ७२च्या वर प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढू लागलं, ७८च्या वर ताठरपणा आणि अस्वस्थता. याच गटाच्या मोजणीत रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅमवर सुमारे ६६ टक्के, ४ वर ७३ आणि ६ वर ७९ टक्के आले. म्हणजे ४ वरून ६ वर गेलात, तर फायद्यापेक्षा हातपाय जखडण्याचीच शक्यता जास्त वाढते. डोस वाढवून मागण्याआधी हे लक्षात घ्या.

ही मर्यादा सगळ्या औषधांना लागू नाही. ॲरिपिप्राझोल ८० टक्क्यांच्या वर व्यापूनही सहसा ताठरपणा आणत नाही, कारण ते रिसेप्टर पूर्ण बंद न करता थोडा चालू ठेवतं. क्लोझापिन तर बहुधा ६५च्या खाली राहूनही गुण देतं. रिसेप्टर पुरेसे व्यापलेत तरी आवाज थांबत नाहीत, असे पेशंट पुष्कळ असतात. तिथे डोस चढवत बसणं मला चुकीचं वाटतं.

आधी गोळी रोज पोटात जाते का ते बघा. स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजा, शक्यतो समोर घ्यायला लावा. चालताना हात हलतात का, चेहरा निर्विकार झालाय का, एका जागी बसवत नाही का, लाळ गळते का, हे तारखेसह लिहून सायकियाट्रिस्टना दाखवा. बसवत नसल्याची तडफड बऱ्याचदा आजारच वाढला असं समजून डोस आणखी वाढवला जातो, म्हणून हे आवर्जून सांगा. पुरेशा डोसवर सुमारे सहा आठवडे, अशी दोन औषधं होऊनही गुण नसेल, तर क्लोझापिनबद्दल तुम्हीच विचारा. त्यात पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं.

भाऊ बिडी ओढत असेल तर तेही तेव्हाच सांगा. धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन लवकर संपवतं. वॉर्डात बिडी बंद असताना बेतलेला डोस घरी येऊन बिडी सुरू झाली की कमी पडतो, आणि एकदम सोडली तर तोच डोस जास्त होतो. तंबाखू चघळल्याने किंवा मशेरीने असं होत नाही, कारण परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही.