आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी निघालेत. नाशिकहून मुंबई विमानतळावर जाताना धांदल होऊ नये म्हणून काय करावं?

आधी घाटाचा वेळ धरा. विमान रात्री दोनचं असेल तर नाशिकहून दुपारी चारलाच निघा. भिवंडीजवळ ट्रकांची रांग लागली की तास-दोन तास सहज जातात. आणि बारानंतर तारीख बदलते, तिकीट नीट बघा. सहारला टर्मिनल २ च्या दारातच तिकीट-पासपोर्ट तपासतात, ते पर्समध्ये वरच ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लोणचं मोठ्या बॅगेत. सुकं खोबरं मात्र बॅगेतून घरीच काढून ठेवा! त्यापायी माझ्या आईची बांधलेली बॅग काउंटरशेजारी जमिनीवर उघडावी लागली, चिवड्याच्या पुड्या इकडेतिकडे. फार जीव तुटला. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, आत बरंच चालावं लागतं.