जर्मनीत फ्रीलान्सिंग: फॉर्म भरण्याआधीचे निर्णय

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून जर्मनीतच फ्रीलान्सिंग करायचं ठरवलंस आणि पहिला प्रश्न विचारलास तो 'कर किती बसेल?' हा. त्याचा नंबर शेवटचा लागतो. आधी रहिवासी परवाना, मग कामाचा प्रकार, मग आरोग्य विमा आणि त्यानंतर कर. हा क्रम चुकला की फिनान्झआम्टचा, म्हणजे कर कार्यालयाचा, नोंदणी फॉर्म बिनचूक भरूनही पंचाईत होते.

तुझ्या परवान्यासोबत एक हिरवा पुरवणी कागद असेल. स्वतंत्र व्यवसायाची मुभा आहे की नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर) बहुधा 'नाही' असतं. तसं असेल तर आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला) विचारल्याशिवाय शनिवार-रविवारचं फुटकळ कामही घेऊ नकोस. नोकरी सांभाळून जोडकाम करायचं तर रहिवास कायद्याच्या कलम 21, पोटकलम 6 खाली परवानगी मागता येते. काम पुढे सांगितलेल्या 'फ्रायबेरूफ्लर' प्रकारातलं असेल तर पूर्णवेळ स्वतंत्र व्यवसायासाठी पोटकलम 5 आहे, आणि पदवी जर्मन विद्यापीठाची असून काम त्याच विषयातलं असेल तर 2अ. अर्जाला ग्राहकांची काम देण्याची पत्रं, उत्पन्नाचा अंदाज आणि विम्याचा पुरावा जोड. परवाना हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नकोस. फिनान्झआम्टनं कर नंबर दिला म्हणजे काम करायची परवानगी मिळाली, असा समज बऱ्याच जणांचा असतो. ती दोन वेगळी खाती आहेत.

आता कामाचा प्रकार. जर्मनीत 'फ्रायबेरूफ्लर' (स्वतंत्र पेशा) आणि 'गेवेर्ब' (व्यापार-धंदा) असे दोन कप्पे आहेत, आणि कोणत्यात बसायचं हे आपल्या मर्जीवर नसतं. आयकर कायद्याच्या कलम 18 मध्ये डॉक्टर, वकील, अभियंते, पत्रकार, अनुवादक, तसंच शिकवणं, लेखन आणि कला ही कामं फ्रायबेरूफ्लरची धरली आहेत. माल विकणं, दलाली, जाहिरातींवर चालणारं चॅनेल हे गेवेर्ब. सॉफ्टवेअरवाल्यांची जागा मधली. संगणकशास्त्राची पदवी असेल आणि काम अभियंत्याच्या तोडीचं असेल, तर फ्रायबेरूफ्लर म्हणून मान्यता मिळू शकते. म्हणून कामाचं वर्णन करताना नुसतं 'आयटी सेवा' लिहू नकोस. 'सॉफ्टवेअर प्रणालींची रचना आणि विकास' असं जे खरोखर करणार ते नेमकं लिही. पुढे तपासणीत हा निर्णय फिरू शकतो, तेव्हा पदवीची प्रत आणि कामाचे करार जपून ठेव.

गेवेर्ब ठरलं तरी घाबरायचं कारण नाही. आधी गेवेर्बआम्टात (व्यवसाय नोंदणी कार्यालयात) किरकोळ शुल्क भरून नोंद करायची. गेवेर्बवरचा व्यवसाय कर 24,500 युरो नफ्याच्या वरच्या रकमेवरच लागतो आणि त्यातला मोठा भाग आयकरातून वजा होतो. म्युनिक शहराचा या कराचा दर 490 टक्के वाचून धडकी भरते, पण तो नफ्यावर नसतो. ते 24,500 वजा करून उरलेल्या नफ्याच्या 3.5 टक्क्यांवर असतो. कंपनी काढायचा सल्लाही कोणीतरी देईलच. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नकोस. नोटरी, वार्षिक ताळेबंद आणि तो प्रसिद्ध करणं, एवढा व्याप एकट्याच्या कामाला कशाला?

विम्यात फसगत होते ती स्वस्ताईमुळे. नोकरीत अर्धा हप्ता कंपनी भरायची, आता सगळा आपल्याच खिशातून. सरकारी विम्यात तो कमाईच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका पडतो. कमाई शून्य असली तरी किमान उत्पन्न धरून हप्ता लावतात. 2025 साली तो आकडा महिना 1,248.33 युरो होता. सरकारी विम्यात आधीचे सलग 12 महिने काढले असतील तर ऐच्छिक सदस्य म्हणून राहता येतं, मात्र तीन महिन्यांत तसं कळवावं लागतं. खासगी विमा तरुणपणी स्वस्त वाटतो, पण तिथून परतणं अवघड. लेखक-कलाकारांनी क्युन्स्टलर-झोत्सियालकासेकडे (त्यांच्यासाठीच्या सामाजिक विमा संस्थेकडे) अर्ज करावा. तिथं मान्यता मिळाली तर जवळपास अर्धाच हप्ता भरावा लागतो.

आता फिनान्झआम्टचा फॉर्म. काम सुरू केल्यापासून एक महिन्याच्या आत तो एल्स्टरवरून, म्हणजे कर खात्याच्या संकेतस्थळावरून, भरायचा असतो. एल्स्टरचा सक्रियीकरण कोड टपालानं येतो, त्यामुळे खातं आधीच उघडून ठेव. फॉर्ममधल्या तीन जागांवर थांबून विचार कर.

पहिली, अंदाजे नफा. यावरून आयकराचे आगाऊ हप्ते ठरतात: 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर, 10 डिसेंबर. इथं कमी आकडा टाकायचा मोह होतो. समज, 10,000 युरो लिहिलेस. ही रक्कम करमुक्त मर्यादेच्या आतली, म्हणून हप्ता शून्य. प्रत्यक्षात नफा 50,000 झाला. मग पुढच्या वर्षी निर्धारणपत्र येतं तेव्हा गेल्या वर्षाचा सगळा कर एकदम मागतात, आणि त्याच आधारावर चालू वर्षाचे हप्तेही वाढवतात. दोन वर्षांचा कर काही आठवड्यांत उभा करायचा! खरा वाटेल तोच आकडा लिही. वर्षाच्या मध्यात काम वाढलं किंवा आटलं तर हप्ते बदलून मागता येतात. जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेतून व्हॅट वगळून 30 टक्के वेगळ्या खात्यात टाकत जा.

दुसरी, क्लाइनउंटरनेमर सवलत, म्हणजे व्हॅटमधून सूट. 2025 पासून अट अशी की गेल्या वर्षीची उलाढाल 25,000 युरोंपर्यंत आणि चालू वर्षाची 1,00,000 पर्यंत हवी. सुरुवातीच्या वर्षाला मात्र 25,000 चीच मर्यादा. ग्राहक जर्मनीतल्या सामान्य व्यक्ती असतील तर सवलत घे, कारण 19 टक्के व्हॅट त्यांच्या खिशाला लागतो. ग्राहक कंपन्या असतील तर त्यांना तो परत मिळतो, त्यांना फरक पडत नाही. मग सवलत घेऊन लॅपटॉपवरचा व्हॅट परत मिळवायची संधी आपणच घालवतो. जर्मनीबाहेरच्या कंपनीला दिलेल्या सेवेवर तसाही जर्मन व्हॅट लागत नाही. सवलत नाकारली तर पाच वर्षं बांधून घेतात, हे लक्षात ठेव. सवलत घेतलीच तर बिलावर व्हॅट चुकूनही दाखवायचा नाही. दाखवलेला व्हॅट भरावाच लागतो. आणखी एक खाच आहे: आयर्लंडसारख्या ठिकाणच्या कंपनीकडून जाहिरात किंवा सॉफ्टवेअर घेतलं की त्यावरचा 19 टक्के व्हॅट सवलतवाल्यालाही स्वतः भरावा लागतो, आणि तो परत मिळत नाही.

तिसरी, व्हॅट कधी देय धरायचा. 'पैसे मिळाल्यावर' हाच पर्याय निवड. दुसऱ्या पर्यायात ग्राहकानं बिल थकवलं तरी व्हॅट आपल्या पदरचा आधी भरावा लागतो. युरोपीय संघातले ग्राहक असतील तर व्हॅट ओळख क्रमांकही याच फॉर्ममध्ये मागून घे.

एकाच ग्राहकाकडून कमाईचा सहापैकी पाच भाग येत असेल आणि हाताखाली कोणी नसेल, तर पेन्शन विमा सक्तीचा होऊ शकतो. सुरुवातीला तीन वर्षांची सूट मागता येते. शिकवणाऱ्यांना तो बहुधा सक्तीचाच, आणि वर्षानुवर्षांच्या थकबाकीचं पत्र येतं तेव्हाच अनेकांना ते कळतं.

भारतातलं बचत खातं अजून रहिवासी म्हणूनच चालू असेल तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घे. तिथल्या मुदत ठेवींचं व्याज जर्मनीच्या विवरणातही दाखवावं लागतं. बँकांकडची माहिती दोन्ही देशांत आपोआप पोचते. भारतीय कंपनीचं काम घेतलंस तर ती तांत्रिक सेवेच्या शुल्कातून कर कापू शकते. दुहेरी कर टाळण्याच्या करारात त्याची मर्यादा 10 टक्के आहे, पण तिचा लाभ मिळायला फिनान्झआम्टचा रहिवासी दाखला लागतो. पहिलं बिल पाठवायच्या आधीच तो मागवून ठेव.