सहलीत सगळ्यांसमोर मित्राकडून गाडीची चावी काढून घेतली, आता तो बोलतच नाही. काय करावं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. तुम्ही सहा जण कोकणात गेलात. गाडी नेहमीप्रमाणे एकच मित्र चालवत होता. तो दोनदा रस्ता चुकला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "उतर, मी चालवतो," आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. महिना झाला, तो फोन उचलत नाही. आणि तुम्ही विचारताय, एवढ्याशा गोष्टीवरून कोणी मैत्री तोडतं का?

टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही होतात की नाही, ते लिहिलेलं नाही. मी त्या गाडीत असतो तर नक्की वाजवल्या असत्या. कसं माहीत, ते सांगतो.

मी नागपूरचा. आमचा पाच जणांचा कंपू दर पावसाळ्यात नागद्वारला जायचा. विदर्भाबाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो, ही पचमढीच्या डोंगरातली यात्रा. तो भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे एरवी वाट बंद. नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस तेवढी उघडते. यात्रा मध्य प्रदेशात, पण वाटेवर कान दिला तर बोली सगळी आपली. भंडाऱ्यांवरचे फलकही आपल्याच मंडळांचे. त्यात नवल काही नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि पचमढी एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर, आणि इंग्रजांच्या काळात उन्हाळ्यात सरकारच पचमढीला मुक्कामाला जायचं. पुढे सीमा बदलली, आमच्याकडच्या माणसांनी जाणं काही सोडलं नाही.

कंपूत मी, शेठ (किराणा दुकान, गाडी त्याची), वकील (वकील नाही, फक्त वाद घालतो), मास्तर आणि त्या वर्षी, म्हणजे २०१७ ला, पहिल्यांदाच आलेला शेठचा भाचा, वय तेवीस. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आमच्यात सगळ्यात मोठे. त्यांची ती पंधरावी खेप होती.

यात्रा चालायची ती मास्तरांच्या तंत्रानं. निघायच्या आधी प्रत्येकानं त्यांच्याकडे तीन हजार जमा करायचे. लाल रेक्झिनची एक डायरी, तिला रबरबँड, आणि तिच्यात खर्चाची नोंद अशी की ऑडिटवाला लाजेल: "सावनेर, चहा ५, रु. ५०." आणि शाळेतली पीटीची शिट्टी. पहाटे चारला धर्मशाळेत ती वाजली की आम्ही चादरीतूनच त्यांना शिव्या घालायचो. "काऊन बे मास्तर" एवढं म्हणायची हिंमत फक्त वकिलात होती, तेही पांघरुणाच्या आतून.

भांडणं काय, दर वर्षी व्हायची. खिडकीची सीट, एसी चालू की बंद, कोण घोरतं, कोणी ओले मोजे दुसऱ्याच्या पिशवीवर वाळत घातले. वकील आणि शेठ एकदा छिंदवाड्यापासून तामियापर्यंत एकमेकांशी बोलले नव्हते, कारण एका भज्याच्या प्लेटचे पैसे. तामियाला दरीत ढग उतरलेले दिसले आणि दोघं एकदमच "अबे पाह्य" म्हणाले, संपलं. असली भांडणं मी मोजत नाही. तुम्हीही मोजू नका.

त्या वर्षी झालं ते वेगळं. पद्मशेषचं, म्हणजे नागद्वारच्या मुख्य गुहेतलं, दर्शन करून परत निघालो. पाऊस धरून बसलेला, पायाखाली राड. एका नाल्यापाशी दोन वाटा फुटल्या. भाच्यानं फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवला होता, तो म्हणाला डावीकडे. मास्तर म्हणाले, "पंधरा वर्षं मी उजवीकडून येतो." उजवीकडे गेलो. पुढे वाट खचलेली, बांबू आडवे बांधून बंद केलेली. मागे फिरलो, चढ पुन्हा चढलो, चाळीस मिनिटं गेली. मास्तरांना धाप लागली. भाचा पोरगा चांगला आहे, त्यानं पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली. "द्या काका, मले द्या. तुम्ही मागून या आरामात, मी नेतो सगळ्यांले."

आणि मी बोललो. मला विनोद सुचला की पोटात राहत नाही, हा जुना रोग आहे. मी म्हणालो, "मास्तर, आता तुम्ही विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसा."

सगळे हसले. शेजारी दगडावर टेकलेले दोन अनोळखी भगतसुद्धा हसले (त्या वाटेवर सगळे एकमेकांना भगतच म्हणतात). मास्तरही हसले. मग खाली वाकले आणि सँडलचा पट्टा काढून परत लावला. परत काढला, परत लावला. उठायला त्यांना बराच वेळ लागला. मला वाटलं, दम खाताहेत.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली नाही. आम्ही साडेसातला उठलो, तेव्हा मास्तर आंघोळ करून, पिशवी भरून बाकड्यावर बसलेले. शेठ खूश. "आज झोप झाली बाप्पा." परतताना सौंसरजवळ जामसावळीच्या मारुतीला थांबलो. तिथला मारुती पहुडलेला आहे, पिंपळाखाली. मास्तर दर वर्षी कोणी नवा असला की त्याला तिथली सगळी माहिती सांगायचे, अगदी हाताला धरून. भाचा नवाच होता. मास्तर गाडीतच बसून राहिले, भूक नाही म्हणाले. तरीही मला काही कळलं नाही, हे मी लपवत नाही.

कळलं ते सावनेरला. तिथं त्यांनी हिशोब केला, प्रत्येकाचे उरलेले दोनशे बारा रुपये मोजून दिले, सुट्ट्या दोन रुपयांसकट, आणि डायरी मिटायच्या आत मला शेवटची ओळ दिसली. सुंदर, शाळेतलं अक्षर: "रस्ता चुकल्यामुळे उशीर, जादा जीपभाडे रु. ३००, स्वतः." आमच्या पैशातून तो खर्च त्यांनी घेतलाच नव्हता. मी ती ओळ वाचली आणि काहीच बोललो नाही. दरीत विनोद लगेच सुचला होता, इथं मात्र जीभ टाळ्याला चिकटली.

नंतर मास्तर पोह्याच्या ठेल्यावर यायचे बंद झाले. रोज सकाळी सातला तर्री-पोहा हा आमचा नेम होता. आठ दिवस वाट पाहून मी ग्रुपवर लिहिलं, "कोणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व," आणि खाली जोडलेले हात टाकले. वकिलानं अंगठा दाखवला. बाकी शांतता. आज ते वाक्य वाचलं तरी मला लाज वाटते. कोणाचं म्हणजे कोणाचं? असल्यास म्हणजे काय? ती माफी नव्हती, मोघम नोटीस होती.

मग घरी गेलो. मास्तर म्हणाले, "मी कुठं रागावलो रे? गुडघा दुखून राहिला, म्हणून येत नाही." चहा दिला, क्रिकेटवर बोलले, फाटकापर्यंत सोडायलाही आले नाहीत. सोडायला वहिनी आल्या. त्या जे म्हणाल्या त्यासाठीच मी हे एवढं लांबलचक लिहितोय. म्हणाल्या, "भाऊजी, निवृत्त झाल्यापासून घरात यांना कोणी काही विचारत नाही. बँकेचं पोरगा पाहतो, भाजी सून आणते. वर्षातले ते चार दिवस यांना वाटायचं की आपल्यावाचून कोणाचं अडतं. जून लागला की ती डायरी काढून बसतात."

मी तोवर समजत होतो की मास्तर आमच्यासाठी राबतात. चार पैशांचा हिशोब, पहाटेची शिट्टी, म्हणजे त्यांच्या डोक्याला ताप आणि आम्हाला आराम. तसं नव्हतंच ते. वाट चुकली याचं त्यांना दुःख नव्हतं, चुकू शकते हे पंधरा वेळा गेलेल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांचा हुद्दा आम्ही चार परक्यांसमोर उतरवला आणि वर हसलो. आणि हुद्दा उतरवायला मी नेमकी उपमा काढली शाळेची, ज्या माणसानं हयात शाळेत घातली त्याच्यासाठी.

तुमच्या मित्राचं घर मला माहीत नाही. पण तो 'नेहमी' गाडी चालवतो, असं तुम्हीच लिहिलंय. बाकीचे पाच जण झोपत, खात, फोटो काढत जातात आणि तो आठ-आठ तास स्टिअरिंगवर बसतो, ते काही त्याला फार आवडतं म्हणूनच असेल असं नाही. त्या सीटवर तो कोणीतरी असतो. तो रस्ता चुकला हे खरं आहे, ते खोटं ठरवायला जाऊ नका. आमचा भाचाही बरोबरच होता, वाट डावीकडचीच होती. मास्तरांनी ते कधी नाकारलं नाही. दुसऱ्यानं गाडी चालवली यात काही वावगं नाही. टाळ्यांचं काय ते बघा.

आता काय करावं, तर मी शेवटी जे केलं ते सांगतो. फार मुत्सद्दीपणाचं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे इडापिडा घालवायला मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत बडगे, म्हणजे टवाळीचे पुतळे. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत अख्खं शहर इतवारीत उतरतं. शेठच्या ओळखीच्या एका दुकानाच्या पायऱ्यांवर आम्ही दर वर्षी उभे राहतो. त्या वर्षी मास्तर नातवाला घेऊन आले होते, पण पलीकडच्या बाजूला, गर्दीत. मी शेठ, वकील आणि भाचा, तिघांनाही ओढत रस्ता ओलांडला. ते यायला तयार नव्हते, वकील म्हणत होता, "आता कायले, घरी बोलू." मी म्हटलं, हसलो तेव्हा घरी नव्हतो ना.

ढोल इतके जवळ होते की छातीत वाजत होते. मी ओरडून म्हणालो, "मास्तर, नाल्यापाशी मी तुमच्यावर हसलो, ती माझी चूक झाली."

मास्तरांनी कानामागे हात धरला. "काय?"

पुन्हा म्हणालो. आजूबाजूचे पाहायला लागले.

"काय म्हणतो?"

तिसऱ्यांदा म्हणालो. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नाही. भाचा बाजूला खाली मान घालून उभा. मास्तरांनी मान हलवली, आणि म्हणाले, "पोराले बडग्या दिसून नाही राहिला. उचल त्याले."

मग पाऊण तास तो सात वर्षांचा, चांगला वजनदार नातू माझ्या खांद्यावर होता. मास्तर अधूनमधून मागे वळून, मी त्याला खाली ठेवला नाही ना, ते बघत होते.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुम्ही पाचही जण मिळून जा. एकेकट्यानं फोन करू नका, "तुला वाईट वाटलं असेल तर" असं म्हणू नका, आणि हॉटेलात जेवण ठेवून त्यात हा विषय हळूच सरकवू नका. काय केलं त्याचं नाव घ्या: टाळ्या वाजवल्या. तो कदाचित "छे, मी विसरलो पण" म्हणेल. ते खरं मानू नका, पण त्याच्याशी वादही घालू नका. आणि पुढच्या वेळी चावी देताना समारंभ करू नका. भीक घातल्यासारखी चावी मिळाली तर तो पुन्हा उतरेल, आणि या वेळी कायमचा.

आमचं सगळं पूर्ववत झालं का? नाही. पुढच्या वर्षी मास्तर आले, पण शिट्टी आणली नाही. आम्ही फोनवर गजर लावले. शेठची झोप काही त्यामुळे वाढली नाही, कारण आता तोच चारला उठून बसतो. डायरी मात्र होती. सावनेरला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी रबरबँड काढला, "चहा ५" लिहिलं, आणि डायरी भाच्यापुढे धरली. "पाह्य बरं, बरोबर लिवलं का?"

हा चिमटा होता की ते खरंच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही. आम्ही तिघांनी श्वास रोखला. भाच्यानं डायरी नीट पाहिली आणि म्हणाला, "नाही काका, सहा झाले. तुम्ही दोन घेतले."

मास्तरांनी पाचावर रेघ मारली आणि सहा केले.